न मिटणारे तोंड

उषाबाईंच्या पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला, शस्त्रक्रियेने उघडलेले एक तोंड आहे. आतड्याच्या क्षयाने आतला मार्ग इतका खराब झाला होता की डॉक्टरांनी तो भाग काढून टाकला आणि उरलेल्या लहान आतड्याचे टोक पोटाच्या कातडीतून बाहेर आणून टाचले. त्यावर एक पिशवी चिकटवलेली असते. खाल्लेले, प्यालेले सारे त्या पिशवीत उतरते. पुन्हा जोडता येईल इतके आतडे आत उरलेले नाही, असे त्यांना सांगण्यात आले आहे. म्हणजे हे तोंड आता त्यांच्याबरोबरच जाणार.

त्या तोंडाला स्पर्श कळत नाही. पुसताना कधी रक्ताचा ठिपका दिसतो, पण दुखत नाही. ते लाल आहे, सतत ओले आहे आणि स्वतःच्या मर्जीने हलते. उषाबाई त्याला नाव देत नाहीत, आपल्या अहिराणीत नुसते ‘ती’ म्हणतात. ‘ती उठनी’, ‘ती आते गप शे’. आपल्या देहात कुणी अनोळखी बाई राहायला आली आहे, ती झोपत नाही, आणि आपण देवासमोर हात जोडले की नेमकी तेव्हाच बोलते, असे त्यांना वाटते. सुरतेतल्या लिंबायत वस्तीत त्यांच्या एका खोलीच्या घरात आवाज लपवायला जागा नाही. पती लोटू यांचे सारे तारुण्य कापडाच्या सांच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर गेले आणि त्या खडखडाटाने त्यांचे कान नेले. उषाबाई त्यावर हसून म्हणत, “देवनी तुमना कान लिधा ते बरंच करं. मन्ही लाज वाची गयी.” लोटू विचारत, “काय?” मग दोघे हसत. घरात हसण्याजोगे तेवढेच उरले होते.

वासाचे मात्र हसण्यावारी नेता येत नव्हते. बाजारातून गठ्ठ्याने येणाऱ्या साड्यांचे मागचे धागे कातरण्याचे काम त्या घरी बसून करत. त्या नव्या कापडाला त्यांना तो वास येई. डाळीला येई, कापराला येई. मुलगी हर्षदा गुजराती माध्यमातून शिकलेली, आता विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई दिवसातून इतक्या वेळा विचारी की हर्षदा प्रश्नाआधीच उत्तर देऊ लागली, “नथी आवती, मम्मी. वास नाही येत.” विचारण्याआधी मिळालेल्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा, हा उषाबाईंचा नवा प्रश्न झाला.

या साऱ्यात एक नवस होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, डोक्यावरच्या दिव्याखाली, भूल चढण्यापूर्वी त्या मनात म्हणाल्या होत्या, ‘कानबाई माय, माले वाचाड. येणारा श्रावणमा तुले मन्हा हातना रोट देसु, डोकावर लिसु.’ कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणात रविवारी ती घरी बसते. दागिन्यांनी सजवलेल्या नारळाच्या रूपाने चौरंगावर तिची स्थापना होते. भाऊबंद जमतात, घरातल्या माणसांच्या नावाने मोजून घेतलेल्या गव्हाचा रोट होतो आणि तो भाऊबंदांनीच खायचा असतो, बाहेर द्यायचा नाही. सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन बायका देवीला नदीवर नेतात. गाव सुटले, शेत सुटले, सुरतेत जन्मलेली मुले आपसांत हिंदी-गुजराती बोलू लागली, तरी लिंबायतेत कानबाई सुटली नाही. सुटली असती तर आपण कोण, हे या माणसांना नेमके सांगता आले नसते.

रोट मळण्याचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. उषाबाई थोरल्या, पण महिन्याचे दिवस आडवे आले की तो मान धाकट्या जावेकडे जाई. पाळी थांबली तेव्हा आता आपल्याला कुणी उठवणार नाही, असे त्यांनी मनाशी धरले होते. पाळी निदान सरत असे. हे तोंड सरत नाही.

धाकटी जाऊ कमल श्रावण लागताच आली. तिने चहा घेतला, हर्षदाच्या कॉलेजची चौकशी केली आणि मग पदराशी खेळत म्हणाली, “भाबी, औंदा तुम्ही नुसत्या बठा. रोटले मी हात लावसु. तुमना जीव थकेल शे.”

“मन्हा जीव थकेल नही, कमल.”

“मंग तुमले समजस ना, मी काय सांगस ते?”

“समजस. पण तोंडघाई, उघड सांग ना. मी ऐकसु.”

कमलने कप बाजूला सरकवला. ती वाईट बाई नाही. रुग्णालयात तिनेच उषाबाईंचे पाय चेपले होते, पिशवी धुतली होती. शिवाशिवीचा प्रश्न तिने स्वतःसाठी कधी उभा केला नव्हता. तिने तो देवीसाठी उभा केला, आणि देवीच्या नावाने उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तर माणसाला देता येत नाही. अखेर ती उठताना एवढेच म्हणाली, “ती पिसवी रिकामी ऱ्हायनी ते मन्हं काय म्हननं नही.”

हे बोलणे हर्षदाने ऐकले. आईचे मन कुठेतरी लागावे म्हणून तिने संध्याकाळी मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. खिडकीतल्या बाटलीत मनीप्लांट होता. त्याच्या पानाच्या पाठीवर तिने बिनरंगी नेलपॉलिश लावली होती, वाळल्यावर ती चिकटपट्टीने उचलली होती आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. चित्रात जिकडेतिकडे बारीक तोंडे होती. प्रत्येकाला घेवड्याच्या दाण्यासारखे दोन ओठ.

“मम्मी, जो ने, बघ. हे पण तोंडच आहे. पानावर अशी हजारो असतात. यातूनच पान श्वास घेतं, यातूनच पाणी सोडतं. पानाला काय लाज वाटते?”

उषाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “ह्या उघडाच ऱ्हातस?”

“नाही. पाणी कमी पडलं की हे दोन ओठ ढिले पडतात आणि तोंड मिटतं. पाणी मिळालं की परत उघडतं.”

सांगितले ते खरे होते. तोंड मिटलेले पान पाणी वाचवते पण उपाशी राहते, हे हर्षदाला ठाऊक होते. पानाच्या तोंडाला राखण करणाऱ्या पेशी असतात आणि आईच्या पोटावरच्या तोंडाला कोणतीच राखण नाही, हेही ठाऊक होते. पण धीर देण्याच्या वेळी ती साम्य शोधत होती, फरक नव्हे. सांत्वनासाठी दिलेला दाखला अर्धा असला तरी चालतो, असे आपण धरून चालतो. ऐकणाऱ्याला जगायला तेवढाच मिळालेला असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

कानबाई बसण्याच्या आधीच्या शुक्रवारी उषाबाईंनी जेवण सोडले. शनिवारी पाणी सोडले. श्रावणातल्या निर्जळी उपासाचे कुणाला नवल वाटले नाही. लोटूंनी उलट कौतुकच केले. रुग्णालयातून निघताना वर्षाबेन नावाच्या परिचारिकेने बजावले होते, “मासी, पाणी ओछुं नहीं करवानुं, कमी नाही करायचं. मीठ-साखरेचं पाणी पीत राहायचं, तहान लागायची वाट नाही बघायची.” ते शब्द उषाबाई विसरल्या नव्हत्या. पण ती सूचना जगण्यासाठी होती आणि हा उपास देवीसाठी होता. दोन्ही एकाच शरीराला लागू पडतात, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. वर्षाबेनला मानणाऱ्या उषाबाई आणि कानबाईला मानणाऱ्या उषाबाई एकमेकींशी कधी बोललेल्याच नव्हत्या.

आणि पोटावरची ती खरोखर गप्प झाली. पूर्ण नाही, पण पिशवी पोटाला चपटी लागून राहिली. रविवारी अंघोळ करून, नवी पिशवी लावून, सोवळ्याचे लुगडे नेसून त्या परातीपाशी बसल्या, तेव्हा त्यांनी कमलचा हात धरून लुगड्यावरूनच पोटावर ठेवला. “सकायपासून रिकामी शे. तू हात लाईसन देख.” कमलने हात झटकन मागे घेतला, मान फिरवली आणि पीठ पुढे सरकवले. रोट उषाबाईंनी मळला. चुलीच्या धगीपाशी त्यांना घाम येत नव्हता, हे कुणाच्या लक्षात आले नाही. नंतर त्या सांगत की त्या दिवशी पहिल्यांदा गव्हाच्या पिठाला गव्हाचा वास आला. आत कुणीही नव्हते. इतकी शांतता त्यांना सुखाची वाटायला हवी होती, पण वाटली नाही. आत बसलेली ती निघून गेली नसून दाराआड श्वास रोखून उभी आहे, असे सारखे वाटत राहिले.

सोमवारी सकाळी गल्लीत ढोल लागले. देवीची आरती झाली. चौरंग उचलण्यासाठी उषाबाई पुढे झाल्या, वाकल्या, आणि त्यांच्या पोटऱ्या आवळल्या. मग मांड्या, मग हाताची बोटे. डोळे वर गेले, जबडा थरथरू लागला, तोंडातून घोगरा, शब्द नसलेला आवाज निघाला.

“आंगमा उनी!” कुणीतरी ओरडले. “माय उनी!”

देवी अंगात आली म्हणून ढोल वाढले. बायकांनी त्यांच्या कपाळावर कुंकू लावले, केस मोकळे सोडले, ओटी भरली. कुणी घर कधी होईल ते विचारले, कुणी पोराच्या नोकरीचे विचारले. कमलने त्यांच्या पायांवर डोके टेकले आणि रडत म्हणाली, “चूक व्हयनी माय, माफ कर.” उषाबाईंना यातले काही ऐकू येत होते. आपण देवी नाही, आपल्याला पाणी हवे आहे, हे सांगण्यासाठी त्यांनी जीभ हलवायचा प्रयत्न केला, आणि ती जीभ जसजशी टाळूला चिकटून करकरली तसतसा तो आवाज दैवी ठरत गेला. सगळ्यांनी हात जोडले होते. पाणी कुणी दिले नाही.

हर्षदा गर्दीतून आत घुसली. तिने आईच्या मनगटावरची कातडी चिमटीत उचलली. सोडल्यावर कातडीची घडी तशीच उभी राहिली.

“मम्मी, पाणी कधीपासून नाही प्यायलीस?”

ओठ हलले. हर्षदाला उत्तर ऐकू आले नाही, पण कळले. रिक्षा येईपर्यंत ती चमच्याने पाणी पाजत होती आणि मागून एक म्हातारा सांगत होता, “पोरी, माय आंगमा शे, तिले उष्टं पानी नको देऊ.” चौरंग थांबू शकत नव्हता. तो कमलच्या डोक्यावर गेला.

रुग्णालयात सलाईन लागले. वर्षाबेन कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मासी, आ शुं कर्युं? थोडा उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती.” संध्याकाळी पिशवीत पुन्हा ठिबकू लागले तेव्हा त्या वाकून पाहून हसल्या, “चालू थई गयुं!” हर्षदा भिंतीकडे तोंड करून रडली. मनीप्लांटच्या पानाबद्दल तिने त्या दिवशी आईला काही विचारले नाही, पुढेही नाही. कॉलेजात पर्णरंध्रांचा तास लागला की ती खिडकीबाहेर पाहते.

लोटू मधल्या वेळात घरी जाऊन आले होते, कारण विसर्जनानंतर रोटाचा पहिला घास घरच्या कर्त्या पुरुषाने घ्यायचा असतो. तोवर बातमी पोहोचली होती. देवी आली नव्हती, पाण्यावाचून शरीर आखडले होते. ज्या पायांवर सकाळी डोकी टेकली ते पाय पुन्हा उषाबाईंचे झाले होते, आणि समोरच्या ताटांत त्यांच्याच हातचा रोट होता. लोटूंनी रुग्णालयात परत आल्यावर जे सांगितले ते, बहिऱ्या माणसाप्रमाणे, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

“मी बोलनू, रोट हर्षदानी मायना हातना शे. जेले खावाना नही त्यानी उठी जावानं. मंग मी खादा.”

“मंग?” उषाबाईंनी विचारले.

“दोन ताटं उठनात.”

“कोन?”

लोटूंनी यावेळी ‘काय?’ असे विचारले नाही. त्यांना नीट ऐकू आले होते. त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे पाहिले.

“नाव समजीसन काय करशी? त्यास्नी बी आपलाच घर येवानं शे.”

हर्षदा तेव्हा रुग्णालयात होती, तिने ती पंगत पाहिलीच नव्हती. ज्यांनी पाहिली ते सांगत नाहीत. उषाबाईंचा जीव वाचला, नवस अर्धा फिटला आणि देहातली ती पुन्हा आपल्या वेळेला उठू-बसू लागली. तिची आता त्यांना तितकी भीती वाटत नाही. तिचे ठिकाण तरी ठाऊक आहे. भीती त्या दोन ताटांची वाटते. ती कुणाची, हे माहीत नसल्यामुळे ती सगळ्यांची झाली आहेत. दारात कुणीही भाऊबंद चप्पल काढू लागला की उषाबाई त्याच्या हातांकडे पाहतात, आपण दिलेले पाणी तो घेतो का म्हणून. आपण त्यांच्या जागी असतो तर बसून राहिलो असतो का, हा प्रश्नही त्यांनी स्वतःला विचारला आहे. त्याचे उत्तर त्यांनी कुणाला सांगितलेले नाही.

परवा भर दुपारी कमल आली. उन्हातून चालत आली होती. उषाबाईंनी माठातून पाण्याचा पेला भरून दिला. कमलने तो हातात घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग पेला पुढे करून ती हसत म्हणाली, “भाबी, आजून एक द्या.”

पहिला पेला तहानेचा होता, हे उषाबाईंना पटले. दुसरा तिने कशासाठी मागितला, याचा विचार त्या अजून करत आहेत.