बैलांना वेसण नव्हती

नवऱ्याच्या तेराव्याला त्याचा मित्र टोरांटोत आमच्या एटोबिकोच्या घरी आला आणि जाताना त्याची वही घेऊन गेला. "वाचून परत देतो, वहिनी." एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या जुंपून अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लोकांवर नवरा निवृत्तीनंतर सहा वर्षं लिहीत होता. वही परत आली नाही. वर्षभराने इथल्या मराठी मंडळाची ईमेल आली: जवळच्या मिल्टन गावच्या लायब्ररीत मित्राचं व्याख्यान, विषय तोच. नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

मी फोन केला नाही. वहीत एक चूक होती, ती मला माहीत होती. विदर्भात वाढलेला माझा नवरा धरूनच चालला होता की तिकडचा गाडीवानही पुढे बसून कासरा ओढत असणार. शेवटच्या हिवाळ्यात त्या लोकांच्या डायऱ्या वाचताना त्याला खरं कळलं. त्या बैलांना वेसणच नसे. गाडीवान डाव्या अंगाने पायी चाले आणि हाकेने, चाबकाने बैल वळवी. गाडीत सामान भरलेलं, म्हणून बायकामुलंही बहुतेक वाट पायीच तुडवत. ही दुरुस्ती त्याने सुट्या कागदांवर लिहिली. ते कागद माझ्याकडे राहिले.

व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसले. मित्र छान बोलला, सगळी वाक्यं नवऱ्याची.

"गाडीवान कासरा आवळून बसलेला, आणि समोर न संपणारं गवत!" टाळ्या पडल्या.

मी हात वर केला. "कासरा कशाला बांधायचे?"

"वेसणीला, वहिनी. कॅनडात गाव विसरलात वाटतं!" सगळे हसले. मीही हसले.

"हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"त्या लोकांच्या डायऱ्यांत. स्वतः चाळल्यात मी."

मग मी उभी राहून ते सुटे कागद सावकाश वाचले. "डायऱ्यांत कासरा नाही," मी म्हणाले. "तो फक्त माझ्या नवऱ्याच्या वहीत आहे. चूक त्याची आहे." गेलेल्या माणसाची चूक चारचौघांत सांगताना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"वहिनी, घरी बोलू."

"वर्षभर घर तिथेच होतं."

"त्याचं नाव मी शेवटी घेणारच होतो."

"मग घ्या."

त्याने घेतलं, खाली बघत.

"मागे ऐकू गेलं नाही," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा त्याने ते माइकमध्ये घेतलं, आडनावासकट.