लेडीज शोची गोरी हडळ

टॉकीजवाल्याच्या घरात किस्से साठवावे लागत नाहीत. माणूस जेवायला बसला की भाकरीबरोबर एखादा ताटात पडतोच. आमचे हे पूर्ण्याला टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. घरात सातवी पास मीच, म्हणून लिहून ठेवायचं काम माझ्याकडं.

त्या साली विलायतेचा भुताचा पिच्चर लागला. हिरोईन गोरीपान, माणसाच्या मानेला चावून रक्त पिणारी. मी येत नाही म्हणत होते. माझी सुमी सात महिन्यांची, अन्नाचा कणही तोंडात घेईना, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली. वाटलं, भूत बघून माझं दूधही आटलं तर? पण सासूबाईंना लेडीज शोचा फुकट पास सोडवेना.

*

पिच्चरची भाषा कुणालाच येईना, म्हणून गेटकीपर माईकवर मराठीत सांगायचा. बाई झुळझुळीत गाऊनवर बर्फात हिंडायलेली. हा म्हणाला, ही राणी हाय, हिला तीनशे वर्षं झाली.

शेजारच्या शकुवहिनी म्हणाल्या, "अन् तीनशे वर्षांत एक शाल न्हाई घेतली?"

*

राणी दिवसभर झाकणाच्या पेटीत झोपायची. उजेड चालायचा नाही, वारंही नाही. सासूबाईंनी हळूच मला विचारलं,

"बाळंतीण हाय का गं ती?"

*

एका शोला ह्यांच्या हातून शेवटचं रीळ आधी लागलं. छातीत खुंटी ठोकून बाई पहिल्यांदाच मेली, अन् मग दीड तास हिंडली. टॉकीजचे मालक घामाघूम होऊन आत आले, तर बायका निवांत बघत बसलेल्या.

"त्यात काय?" शकुवहिनी म्हणाल्या. "मेल्याबिगर हडळ कशी होईल?"

दुसऱ्या दिवशी रिळं बरोबर लावली, तर पिच्चर उलटा दाखवायलेत म्हणून तक्रार आली.

*

पिच्चर उतरल्यावर ह्यांनी तिचं मोठं पोस्टर घरी आणून भिंतीच्या पोपड्यांवर चिकटवलं. जबडा वासलेला, सुळे बाहेर. मी रडकुंडीला आले. लेकरू आधीच खाईना, त्यात ही अवदसा! आत्ताच्या आत्ता काढा, मी म्हणाले. हे स्टूल आणायला गेले.

सुमी मांडीवर, वाटीत मऊ भात. ती पोस्टरकडं टक लावून बघत राहिली. मग तिनंही तसाच, अगदी तसाच, आ वासला. मी घाबरत घास घातला. गिळला. पुन्हा आ. वाटी रिकामी झाली तरी तोंड मिटेना.

हे स्टूल घेऊन आले. सासूबाई आडव्या आल्या.

"हात लावू नको. लेकराची मावशी हाय ती."

अन् मीठमोहऱ्या आणून त्यांनी आधी हडळीचीच दृष्ट काढली.