शालनचं गाव मोजताना

शालन गेल्याची बातमी आली तेव्हा मी बारामतीत चष्म्याच्या दुकानात बसले होते. नाकावर ती जड लोखंडी चौकट, एका डोळ्यावर झाकण, आणि दुकानातली मुलगी विचारत होती, "मावशी, आता खालची ओळ दिसती का?" तेवढ्यात फोन वाजला. शालनची सून बोलत होती. सकाळी छातीत कळ आली, गाडीत घातलं, पण इंदापूरला पोचायच्या आत सगळं संपलं. मी चौकट काढून दिली आणि तशीच बाहेर आले. बाहेर ऊन होतं, रसवंतीची घुंगरं वाजत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : घ्या, इथंही हिनंच नंबर लावला. दुःख मागनं आलं. आलं ते असं आलं की दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पण पहिला आला तो हेवाच. जन्माची सवय एका फोननं कशी जाणार?

आम्ही दोघी कऱ्हाटीच्या, पाठीला पाठ लावलेल्या घरांतल्या. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की हात आधी माझा वर जायचा, पण गुरुजी उठवायचे शालनला. ती आपली शांत बसलेली असायची. लग्नंसुद्धा अशी ठरली, की मी बारामती तालुक्याच्या अगदी शेवटच्या गावात आणि ती ओढा ओलांडला की लागणाऱ्या इंदापूर तालुक्यातल्या गावात. सणसरला बाजाराला जायचं तर दोघींना एकच रस्ता. माझी आई फोनवर आधी विचारायची, "शालन कशी हाय?" आणि मग माझी चौकशी. उन्हाळ्यात पापड-कुरडयांचा डबा पाठवायची तो माझ्याकडे, पण त्यातला निम्मा शालनचा. "तिचं आदी पोचव, मऊ पडत्याल," असं वर बजावणं. माझे मऊ पडले तर चालत होते.

मग एका निवडणुकीत दोन्ही गावांना महिला आरक्षण आलं आणि आम्ही दोघीही सरपंच झालो. तिनं फोन करून "इमे, आता लई काम करू दोघी," म्हटलं. मला मात्र एकच गोष्ट हवी होती, आणि ती मी इथं सरळ सांगते. उद्या कुणी दोन्ही गावं शेजारी शेजारी ठेवून बघितली, तर माझं गाव उजवं ठरायला हवं होतं. बाकी सगळं त्याच्यापुढं गौण होतं.

पंचायत समितीत आमचं प्रशिक्षण झालं. गावाचा विकास आराखडा करताना गाव किती शाश्वत आहे हेसुद्धा मोजायचं, असं साहेब फळ्यावर लिहून सांगत होते. आम्ही सगळ्याजणी माना डोलावत होतो. शालन उठली. "साहेब, शाश्वत मंजी टिकनारं ना? मग गाव टिकंल का न्हाय ते आज बघून कसं कळायचं?" साहेब म्हणाले, छापील निर्देशक दिलेत, त्याप्रमाणे भरा. "त्ये भरतोच की. पर आमच्या गावाला आमचं बी काय इचारायचं असंल, त्ये इचारलं तर चालंल का?" साहेब हसले, चालेल म्हणाले. चहाच्या वेळी तिच्याभोवतीच घोळका जमला, आणि मी एकटीनं बिस्कीट चहात बुडवून बुडवून त्याचा लगदा केला.

मी काही झोपले नव्हते. मी गावाला कमान केली, देवळापुढं पेव्हर ब्लॉक टाकले, चौकात हायमास्ट उभा केला. त्याचा उजेड ओढ्यापलीकडं शालनच्या अंगणापर्यंत जायचा, हे मी खात्री करून घेतलं होतं. आणि ती काय करत होती? ग्रामपंचायतीपुढं बायका-पुरुषांना बसवून नुसते प्रश्न ठरवत होती. उसाला पाणी देऊन झाल्यावर विहिरीत काय उरतं? चैत्रात हापशाला पाणी यायला किती हापसावं लागतं? घरात म्हातारं माणूस एकटं असलं आणि त्याला बरं वाटेनासं झालं, तर ते कुणाला हाक मारतं? असले प्रश्न. आणि त्यावर तिनं एक नियम काढला, तो आजही त्या गावात चालतो. आपल्या वस्तीचं आपण मोजायचं नाही. मळ्यातल्या बागायतदारांनी खालच्या वस्तीत जाऊन मोजायचं, आणि खालच्या वस्तीतल्यांनी मळ्यात. आराखडा त्यानंतर लिहायचा.

पहिल्या वर्षी शंकरआबा भडकले. गावातले सगळ्यात मोठे ऊसवाले. "आमच्या हिरीत डोकवायला ह्या बाया कोन?" शालन म्हणाली, "आबा, तुमी बी त्यांचा हापसा हापसून बघा की. मंग फिट्टमफाट." आबा तावातावानं गेले. हापशाचा दांडा खालीवर करून घामाघूम झाले, पाणी येईना. एका म्हातारीनं त्यांना सांगितलं, "आबा, जरा दम धरा. तुमची मोटर बंद झाली की यील." ग्रामसभेत आबांनी उठून हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं... कुणी काढून घेतलं नाही, आडून सुचवलंही नाही. आराखड्यात मग ठिबकचं काम आलं, बोअरच्या पाण्याचे वार ठरले. आमचे हे, ज्यांनी माझ्या एकाही ग्रामसभेत जांभई आवरली नाही, ते मोटारसायकल काढून शालनच्या ग्रामसभेला जायला लागले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तितं काय हुईल त्ये सांगता येत न्हाय." माझ्याकडं काय होईल ते सांगता येत होतं, असा त्याचा अर्थ. त्या रात्रीची भाजी मी मुद्दाम अळणी केली.

एकदा ती घरी आली आणि म्हणाली, "इमे, आवंदा आमचं गाव मोजाया तू ये. आमी आता एकमेकाला सांभाळून घ्याया लागलोय. तुज्यावानी नजर न्हाय आमच्यात कुनाला." मला हे आमंत्रण म्हणजे पर्वणीच. मी सकाळपासून तिचं गाव असं पिंजून काढलं, जसं कुणी उष्टी भांडी हुडकावीत. शाळेच्या टाकीला झाकण नव्हतं. अंगणवाडीच्या मागं सांडपाण्याचं डबकं होतं. वेशीजवळच्या एका विधवा बाईच्या घरी, बरं नसलं तर कुणाला हाक मारता, या प्रश्नाचं उत्तर "कुनालाच न्हाय" असं आलं होतं, आणि मोजणाऱ्यांनी ते संकोचानं गाळलं होतं. भर सभेत मी एकेक काढून मांडलं, चवीचवीनं. शालनचा चेहरा उतरेल म्हणून बघत होते. ती पुढं सरकून म्हणाली, "अजून? अजून सांग की." मी सांगितलेलं सगळं आराखड्यात गेलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायला जाऊन बघते तर टाकीला झाकण, डबक्याच्या जागी शोषखड्डा, आणि त्या विधवा बाईच्या ओट्यावर बचत गटाची बैठक भरलेली. माझ्या हेव्यानं तिचं गाव सुधारत होतं. हे लक्षात आल्यावर मला इतका राग आला, की ती जेवायला थांब म्हणत असतानाही मी तडक घरी आले.

बदल्यात ती आमचं गाव मोजायला आली. आम्ही रांगोळ्या काढल्या, आणि मी दिवसाढवळ्या हायमास्ट लावून ठेवला. तिनं वर बघितलं, डोळ्यावर हात धरला आणि म्हणाली, "इमे, सूर्याला मदत करतीस व्हय?" सगळे हसले, मीही हसले, दात आवळून. मग ती गल्ल्यागल्ल्यांतून हिंडली आणि शेवटी माझ्याकडे चहाला टेकली. "तू म्हैनाभर कुठं गावाला गेलीस, तर हितं काय हुईल गं?" मी अभिमानानं सांगितलं, "काय व्हायाचं? माज्याबिगर पान हालत न्हाय हितलं." सभेत तिला विचारलं, काय दिसलं, तर म्हणाली, "गाव झ्याक हाय. पर समदं इमलला इचारून चालतंय. तिला कवातरी सुट्टी द्या की." टाळ्या पडल्या. चारचौघांत तिनं माझी थोरवी मान्य केली म्हणून मी हवेत. घरी येताना आमचे हे म्हणाले, "त्ये कौतिक नव्हतं, बरं का." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवाळीपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

मुदती संपल्या. तिच्या गावात सरपंच झाली ती विरोधी गटातली तरुण सून, कविता. शालन ग्रामसभेला जायची, भिंतीला टेकून बसायची, मांडीवर वाटाणे सोलायची आणि पाळी आली की सांगतील त्या वस्तीत जाऊन मोजून यायची. मी एकदा विचारलं, "तुला काय वाटत न्हाय का गं?" म्हणाली, "वाटतं की. कविताचा आवाज लई बारीक हाय, मागं ऐकू येत न्हाय." एवढंच. माझ्या पडवीत मात्र पद गेल्यावरही माणसं असायची. लाइट गेली, ताई. रस्ता उखडला, ताई. हायमास्ट बंद पडलाय, ताई... तुमी व्हता तवा बरं हुतं. हे ऐकायला मला फार आवडायचं, आणि या एका बाबतीत शालन माझ्यापुढं काहीच नाही असं मी धरून चालले होते. तिच्या दारात कोण येत होतं?

दशक्रियेला मात्र माणूस मावत नव्हतं. आमच्या गावचे लोकसुद्धा ट्रॉलीत उभे राहून आले. पिंड ठेवला आणि आम्ही जरा मागं सरकतोय तोच कावळा शिवला. माझ्या सासऱ्यांच्या वेळी दुपार कलली होती, सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केलं होतं, तरी कावळा झाडावरून हलला नव्हता. हिचं काही मागंच राहिलं नव्हतं म्हणे. बायका पदर डोळ्यांना लावून तेच बोलत होत्या. मीही रडत होते, आणि रडता रडता त्या कावळ्यावरसुद्धा चिडले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कविताचा फोन आला. "ताई, मोजनी लावलीया. दरसालसारकं तुमी या." मला संताप आला. माणूस जाऊन महिना नाही झाला आणि यांना मोजणी सुचते? यंदाचं पुढं ढकलतील, निदान शालनसाठी एवढं तरी थांबतील, असं मला वाटलं होतं. तरी मी गेले. खरं सांगायचं तर एका हेतूनं गेले. शालन नाही म्हणून काय काय बिघडलं, ते मला शोधायचं होतं. तिच्या गावात तिच्याएवढा खड्डा पडलेला मला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता. ते तिच्यावरचं प्रेम होतं की काय होतं, मला ठाऊक नाही... दोन्ही असेल.

खालच्या वस्तीत शंकरआबा काठी बाजूला ठेवून हापसा हापसत होते. मळ्यात वस्तीतल्या दोघीजणी विहिरीत दोर सोडून पाणी बघत होत्या आणि ज्याची विहीर तो माणूस त्यांना सावलीत पाणी आणून देत होता. एका बांधावर जोराचं भांडण चाललं होतं, पण ते यंदाच्या प्रश्नांत कुठला नवा घालायचा यावरून. मी गल्ल्या हिंडले, टाकीत डोकावले, अंगणवाडीच्या मागं जाऊन वास घेतला. सभा भरली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग बसले आणि कविता त्या बारीक आवाजात म्हणाली, "ताई, तुमी सांगा. काय दिसलं?"

माझा तोल गेला. "काय दिसलं? शालन न्हाय हे तुमच्या गावात कुठंच दिसत न्हाय, एवढं दिसलं!" मी ओरडलेच. आता लाजतील, माना खाली घालतील, म्हणून मी वाट बघत होते. शंकरआबांनी टोपी काढून डोळे पुसले. "व्हय ताई," ते म्हणाले. "तिनं तसंच करून ठिवलंय." मग नाक शिंकरलं आणि कविताकडं बघून म्हणाले, "म्होरलं घे गं."

आणि त्यांनी पुढचं घेतलं. मी तिथं बसून राहिले आणि मला शालनचा असा हेवा वाटला, जसा ती जिवंत असताना कधी वाटला नव्हता. कमान करता येते, सत्कार मिळवता येतात, ट्रॉलीभर माणसंही गोळा होतात. पण हे कसं करायचं, ते आता तिला विचारायची सोयही राहिली नव्हती. आणि ती असती तरी मी विचारलं नसतंच.

ओढा ओलांडून घरी आले तर पडवीत माणसं बसलेली. "ताई, कुठं गेलता? सकाळधरनं वाट बघतोय." म्हटलं काय झालं? तर पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व सोडायचा राहिला होता, गावात सकाळपासून नळाला थेंब नाही. टाकी काठोकाठ भरलेली. व्हॉल्व रस्त्याकडेला, कुणीही फिरवावा असा. "मग सोडला का न्हाय कुनी?" मी विचारलं. एकजण म्हणाला, "तुमाला इचारल्याबिगर कसा सोडायचा, ताई?"

मी जाऊन व्हॉल्व सोडला. बायकांनी हंडे लावले, मला दुवा दिला. ही माणसं चांगली आहेत, माझ्यावर त्यांचा जीव आहे. मी गेले की ती धाय मोकलून रडतील, शालनसाठी तिचं गाव रडलं त्याच्याहून कितीतरी जास्त. आणि रडून झालं की भरल्या टाकीखाली हंडे ठेवून पाण्याची वाट बघत बसतील.