साडूंनी अंगावर घेतलेला रंग

वस्तूंशी इतक्या अदबीने आणि माणसांशी इतक्या तुसडेपणाने वागणारा माणूस आमच्या साडूंशिवाय जुन्नर-आंबेगावात दुसरा नसेल. असलाच, तर साडूंनी त्याला शोधून काढून आतापर्यंत त्याच्याशी भांडणही उरकलं असेल. समोरचा सरपंच असो की कारखान्याचा संचालक, ते सरसकट 'तू' म्हणत. पण एखादा फुटका रांजण कोपऱ्यातून हलवायचा झाला, की दोन्ही हात त्याच्या बुडाखाली घालून हळुवार आवाजात म्हणत, "या, सावकाश या. घाई नाही." त्यांच्याविषयी बोलायला लागलो की मला आधी हसू येतं, आणि मग मान खाली जाते. हसू का येतं ते आधी सांगतो, कारण ते सोपं आहे.

नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयात जुन्या वस्तूंची निगा राखण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन जुन्नरला आले आणि त्यांनी एक व्रत घेतलं: ज्या गावात कुणी चार जुनी भांडी एका खोलीत मांडून वर 'संग्रहालय' अशी पाटी लावली असेल, तिथे जायचं आणि फुकट सल्ला द्यायचा. बोलावलं तर उत्तमच, पण बोलावण्यावाचून त्यांचं काही अडत नसे. एसटीत ते आपली पिशवी शेजारच्या सीटवर बसवत. गर्दी झाली की स्वतः उठून उभे राहत, पिशवी बसलेलीच. तिच्यात मऊ ब्रश, कापसाचे बोळे, टीपकागद आणि हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र असे. ओतूरच्या स्टँडवरचे कंडक्टर त्या पिशवीला 'आजीबाई' म्हणत.

घरी आले तरी त्यांची नोकरी सुटलेली नसे. एकदा जेवायला बसताना त्यांनी आमचा तांब्या उचलला, उजेडाकडे धरला आणि बायकोला विचारलं, "चिंचेनं घासलास? अगं, दर वेळी थोडा थोडा झिजतोय बिचारा." सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या आमच्या सागवानी कपाटावर त्यांनी टिचकी मारली, कान लावला आणि जाहीर केलं, "कीड आहे. हे आठ दिवस अंगणात राहील." कपाट आठ दिवस अंगणात राहिलं. आमचे कपडेही राहिले. येणारा-जाणारा विचारायचा, "गुरुजी, घर बदलताय का राव?"

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणांनी ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांचं संग्रहालय उभं केलं. मापं, बैलांच्या घंटा, जाती, आणि सगळ्यांत मोलाची म्हणजे शिवारात सापडलेली एक वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेली उभी शिळा. मी हौसेने प्रत्येक वस्तूखाली 'शिवकालीन' लिहिलं होतं. साडूंनी एका दुपारात सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या.

"तुला कोणी सांगितलं शिवकालीन?"

"लोक म्हणतात."

"मग 'लोक म्हणतात' असं लिही. आणि लोकही म्हणत नसतील तर 'माहीत नाही' लिही. त्यात लाजायचं काय?"

मग आमच्या संग्रहालयात जिकडेतिकडे 'माहीत नाही' झालं. नातीकडून सगळ्या चिठ्ठ्या वाचून घेतल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, एवढी वर्सं शाळा शिकवली, अन् तुमाला कायच कसं म्हाईत न्हाई?"

उद्घाटन ठरलं. वीरगळीला तेल नाही, शेंदूर नाही, रंग तर मुळीच नाही, असं साडूंनी मला तीनदा बजावलं आणि ते लेकीकडे गेले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरपंच खोलीत आले. "गुरुजी, साहेबलोक येनार. ह्यो दगड लई काळा दिसतोय. जरा चमकवा की." मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण पाहुणे येणार, हार आणलेले, माझं नाव कोनशिलेवर, मी म्हणालो, "बघतो." तासाभरात पेंटरने वीराला सोनेरी ऑइलपेंट लावला, घोड्याला रुपेरी, आणि आकाशातल्या चंद्र-सूर्याला पिवळा. खरं सांगतो, मला ते आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडू परस्पर कार्यक्रमाला आले. शिळेसमोर थांबले आणि हातातली पिशवी त्यांनी खाली जमिनीवर ठेवली. तिला जमिनीवर टेकलेली मी प्रथमच पाहत होतो. तेवढ्यात पाहुण्यांबरोबर आलेल्या, जुन्या शिल्पांचा अभ्यास असलेल्या एक बाई पुढे झाल्या. त्यांनी रंगावर बोट फिरवलं आणि वळून विचारलं, "हे कोणी केलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले: सरपंच, मंचर आणि पारगावहून आलेली संग्रहालयवाली मंडळी, माझे जुने विद्यार्थी. मी साडूंकडे बघत म्हणालो, "हे आमचे सल्लागार आहेत. इथली मांडणी त्यांच्याच सल्ल्यानं झाली."

यातला एक शब्दही खोटा नव्हता, हेच त्यातलं सगळ्यांत वाईट.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ते बाईंना म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही म्हणाल तसं दुरुस्त करून देतो." माणसासाठी 'तुम्ही' त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या गळ्यात हार पडला. तो मी काढलाही नाही.

त्यानंतर सबंध हिवाळा ते आठवड्यातून दोनदा जुन्नरहून येत, शिळेसमोर स्टूल टाकून बसत आणि कापसाच्या बोळ्याने बोटभर, बोटभर रंग उतरवत. दुपारपर्यंत घोड्याचा एक कान मोकळा व्हायचा. मी चहा नेऊन ठेवायचो. "साडूभाऊ, मी..." म्हणून सुरुवात करायचो, की ते म्हणायचे, "उजेडातून बाजूला हो." मी बाजूला व्हायचो, आणि तेवढ्यावर सुटल्यासारखं मानून घरी जायचो. एक दिवस शिळेच्या तळाशी, रंगाखालच्या जुन्या काजळीखाली, दोन गाई निघाल्या. तोवर त्या कोणालाच दिसल्या नव्हत्या. "चोरांकडून गावाची गुरं सोडवताना हा पडला असावा," साडू म्हणाले आणि बराच वेळ त्या गाईंकडे बघत राहिले. मला मात्र त्यांच्याशेजारी उभं राहवेना.

शिळा स्वच्छ झाली आणि त्यांचं येणं थांबलं. नुसतं आमच्याकडचंच नव्हे, सगळीकडचं. मंचरला एक जैन शेठ आहेत. त्यांनी वाडवडिलांचे तराजू आणि वजनं दुकानाच्या माडीवर मांडली आहेत. दोन वर्षांनी एका लग्नात ते भेटले. मी विचारलं, "साडूंना बोलावणं बंद केलंत?"

"आम्ही कुठं बंद केलं, गुरुजी? फोनवर फोन केले. ते म्हणतात, ज्यानं शिळेला रंग लावायचा सल्ला दिला, त्यानं दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या वजनाला खोबरेल लावलं म्हणून माझ्या बापाला रागावलेला मानूस तो. तो दगडाला रंग लावंल? आम्हाला काय कळत न्हाई व्हय?"

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. माझं खोटं टिकावं म्हणून ते घरी बसले होते. शेठना मी तिथेच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? जुन्नरची गाडी धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गेलो. साडू ओसरीवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वर हिरवी पट्टी. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं: पेंटर, सरपंच, माझा हार, सगळं. शेवटी म्हणालो, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझं संग्रहालय त्याच दिवशी बंद पडलं असतं," ते म्हणाले. "गावाचा एका गुरुजीवर विश्वास असतो, म्हणून लोक माळ्यावरच्या वस्तू आणून देतात. तो गेला की वस्तू भंगारात. मी काय, बाहेरचा." मग पट्टीखालचं पाणी टिपत म्हणाले, "आणि इतके दिवस लावलेस होय रे, हे सांगायला?"

एवढंच. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी मंचर, पारगाव, जिथे जिथे ते जात होते तिथे जाऊन, चारचौघांत उभा राहून माझी गोष्ट सांगितली. लोक ऐकून घेत, मान हलवत, चहा देत. काही ठिकाणी त्यांना पुन्हा बोलावणं आलं. काही ठिकाणी तोवर खोलीला कुलूप लागलेलं होतं, आणि आतल्या वस्तू कुठे गेल्या ते कोणालाच सांगता येईना. ती कुलपं मी विसरू शकत नाही.

आता साडूंना एकट्याने प्रवास झेपत नाही, म्हणून मी बरोबर जातो. नव्या गावात कोणीतरी हमखास विचारतं, "हे पावणं कोण?" साडू मागे न बघता सांगतात, "आमचे साडू. चांगला माणूस आहे." लोक माझ्याकडे बघून नमस्कार करतात. मी हात जोडतो, आणि नजर कुठे ठेवावी ते मला कळत नाही.