उंदराच्या जीनची दुसरी प्रत

परवा आमच्या जुन्या लॅबच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं. ज्या कामासाठी झालं ते काम माझं नव्हतं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी ठाण्यात नौपाड्याला राहायचे आणि मुंबईच्या एका लॅबमध्ये उंदराच्या एका जीनवर काम करायचे. पेशीने कधी दुभंगायचं हे ठरवणाऱ्या किनेझ नावाच्या प्रथिनाचा जीन... तो तुकड्यातुकड्यांत असतो, मधे मधे बिनकामाचा मजकूर.

माझ्या हाताखाली पीएचडी करणारी हेमलता ठाण्याच्या कोळीवाड्यातली. तिला उंदराच्या डीएनएत त्याच जीनची एक सलग प्रतही सापडली, मधला मजकूर गळालेली. तशी प्रत आम्ही स्वतः बनवून लॅबमध्ये ठेवलेली होतीच... तीच नमुन्यात मिसळली, असं मी ठरवून टाकलं.

"बाई, दोनदा केलं. परत तेच आलं."

"म्हणजे दोनदा घाण झाली."

"आमच्याकडे जाळ्यात दोन जातींची मासळी आली तर जाळं घाण आहे असं नाही म्हणत, बाई. खाडीत दोन्ही आहेत म्हणतात."

"हा मासळीबाजार नाही, हेमा."

सगळे हसले. ती नाही हसली.

थीसिसमधलं ते प्रकरण मी काढायला लावलं. तिने पीएचडीच सोडली आणि डोंबिवलीत एका केमिकल कंपनीत टेस्टिंगला लागली.

वर्षभराने तिच्या मागे राहिलेल्या, डीएनएची अक्षरं पट्ट्यांनी उमटलेल्या एक्स-रे फिल्म मी खिडकीपाशी धरून वाचल्या, एकेक अक्षर. सलग प्रत संपली... अक्षरं संपेनात. पुढे उंदराच्या डीएनएत जागोजागी येणारा ओळखीचा मजकूर होता. आम्ही बनवलेल्या प्रतीला तो जोडलेला असणं शक्यच नव्हतं.

म्हणजे ती प्रत उंदराच्या कुठल्या तरी पूर्वजात लाखो वर्षांपूर्वी जाऊन बसलेली... बंद पडलेली, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. हेमलता बरोबर होती.

लेख छापून आला. नाव माझं. तिचं नाव शेवटी, आभारांच्या एका ओळीत. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

या रविवारी डोंबिवलीला तिच्या घरी गेले, माफी मागितली. "आता रिटायर झाले मी, बाई," एवढंच म्हणाली. मग, "मासळीबाजार म्हणालात, ते बाबांना कधी सांगितलं नाही."

मी सोबत नेलेली पिशवी उघडली.

तिला दिलं ते असं: तिच्या हातच्या दोन वह्या. अकरा फिल्म. छापील लेखाची एक प्रत, तिच्यावर 'हा शोध हेमलताचा' असं लिहून खाली माझी सही. तिने एकेक बघून घेतलं.