डावीकडच्या झांजा

अफझलगंजच्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसं तो स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोट टेकवायचा. जुने स्पीकर आणून दुरुस्त करून घ्यायचा मला नाद आहे. नुकत्याच आणलेल्या जोडीतही डाव्या स्पीकरमधून गाण्यातल्या झांजा ऐकू येत नव्हत्या. आधीच्या दोन जोड्यांतही डावाच बिघडला होता. शेवटी त्याला घरीच बोलावलं.

त्याने घरी येऊन स्पीकरच्या जागा बदलल्या, वायरी बदलल्या. तरी झांजा डावीकडूनच गायब. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"साब, जरा कुर्सी फिराके बैठो."

स्पीकरकडे पाठ करून बसलो. आता उजवा स्पीकर माझ्या डाव्या हाताला आला होता आणि त्यातल्या झांजा बंद झाल्या होत्या.

त्याने पेचकस पिशवीत टाकला. निघताना तो वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "डब्बे दोनों अच्छे हैं साब. आप डाक्टरकू दिखाओ."

याला दोन महिने झाले. मी अजून गेलेलो नाही. रोज सकाळी डाव्या कानाशी चुटकी वाजवून बघतो. हल्ली ती जरा जोरात वाजवावी लागते.