ऐंशी पावलांचं रीळ

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर अनवरीभाभीनं समुद्रात मासे धरायचं रीळ विकत घ्यायचं ठरवलं, आणि आमच्या चाळीला आठ दिवस पुरेल इतकं हसू मिळालं.

"सोलापुरात रीळ कशाला गं? नळाला मासे लागलेत व्हय?" शेजारची सोनाबाई नळावरच म्हणाली.

"लागले तर पयला तुझ्या हंड्यात टाकते," भाभी म्हणाली आणि आपली घागर पुढं सरकवली.

भाभी कांड्या भरायची. यंत्रमागाच्या धोट्यात जी लाकडी कांडी बसते, तिच्यावर सूत गुंडाळायचं काम. चाळीच्या टोकाच्या खोलीत सकाळपासून तिचा चरखा चालायचा. बोटांच्या चिमटीतून सूत जात असताना ती खिडकीबाहेर बघत बोलायची, पण सुतात गाठ आली की बोलणं मध्येच थांबायचं. डोळ्यांच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. तिचे नवरे कासीमभाई त्या कांड्या जिथं जायच्या त्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. तिचं माहेर मात्र दाभोळच्या खाडीकडं, जिथं दारातून उतरलं की समुद्र.

तिचे अब्बा जहाजावर खलाशी होते. परदेशी बोटीवरच्या एका इंजिनियरकडून ते एक वेगळीच मासेमारी शिकून आले. जाळं नाही, होडी नाही. खडकावर उभं राहायचं, लांब काठीनं लाकडी मासा दूर फेकायचा आणि झटके देत पाण्यावरून ओढत आणायचा. अर्धा पाव वजनाचा तो मासा अब्बा स्वतः कोरत. त्याचं तोंड पोकळ ठेवत. झटका बसला की तो पाणी थुंकत उडायचा, आणि जखमी मासळी समजून खालचा मोठा मासा त्याच्यावर तुटून पडायचा. काठी काचेच्या धाग्यांची होती, जहाजावरून आणलेली. अशी दुसरी त्या किनाऱ्यावर नव्हती.

अनवरी सोळा वर्षांची होईपर्यंत ती काठी तिच्या हातात असायची. मग लोकांनी बोट दाखवलं, आणि भावानं, हाशमनं, ती काढून घेतली.

आता अब्बांचा अर्धा देह लुळा पडला होता. त्यांनी सांगून ठेवलं होतं, काळ्या खडकावरून ज्याचा मासा फेसाच्या पलीकडे पडेल, काठी त्याची. खडकापासून लाटा फुटतात ती फेसाची रेघ ऐंशी पावलं. हाशमचा मासा कधी सत्तरीच्या पुढं गेला नव्हता. त्यात काठीला बसवलेलं, धागा गुंडाळायचं अब्बांचं जुनं रीळ खाऱ्या हवेनं खाऊन टाकलं. हाशमनं ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला, "रीळ मेलं. काठी विकतो. कुवेतला जाणारं एक गिऱ्हाईक हाय. महिनाअखेर देणार."

"महिनाअखेरच्या आधी मी तितं उभी ऱ्हाते," भाभी म्हणाली. कुणाला विचारलं नाही. वर्षभर बाजूला ठेवलेले पैसे पदराच्या गाठीत बांधले, आणि कासीमभाईंना आणि पिशवी धरायला मला घेऊन नवी पेठेच्या मागच्या बोळात गेली.

तिथं गुरुलिंगअण्णांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. पंखे, कंदील, फुटक्या आरशांची कपाटं. रेल्वेतले कुणी साहेब मुलाकडं परदेशी निघून गेले, त्यांचं सगळं घर अण्णांनी उचललं होतं. त्यात दोन रिळं होती. एक सोनेरी, लखलखीत. दुसरं काळपट, रंग उडालेलं, हातात घेतलं तर खलबत्त्यासारखं जड.

"अक्का, हे बगा," अण्णांनी सोनेरी पुढं केलं आणि मूठ फिरवली. ते नुसतं वाऱ्यानं फिरावं तसं फिरलं. "कसं पळतंय! घोडा हाय घोडा."

"आन ते?"

"ते म्हसरू. घेऊ नका. तुमच्यासारख्या बाईच्या हाताला जड जाईल."

भाभीनं कनवटीतून सुताचा एक तुकडा काढला. कच्चं, पीळ नसलेलं सूत. सोनेरी रिळाच्या दोरा गुंडाळायच्या भागाला पुढं एक गोल काठ असतो. फेकताना सगळा दोरा त्या काठावरूनच सुटतो. भाभीनं डोळे मिटून ते सूत काठावरून सावकाश ओढलं. एके ठिकाणी ते अडलं. तिनं डोळे उघडले, तर सुताला बारीक कुसं उभी राहिली होती.

"हितं खरबरीत हाय."

"कुटं? मला तर दिसंना."

"तुमाला कशाला दिसंल? कांडी अशी खरबरीत आसली तर माझं सूत तासात तुटतं. तिकडं तंगूस तुटल." तंगूस म्हणजे कोळ्यांचा नायलॉनचा धागा.

मग तिनं काळं रीळ घेतलं. काठावरून सूत ओढलं, सगळा फेरा. कुठं अडलं नाही.

पुढं ब्रेकची पाळी. मोठा मासा पळायला लागला की धागा तुटू नये म्हणून रीळ आवळून धरत धरत थोडा थोडा धागा सोडतं. भाभीनं धाग्याचं टोक कासीमभाईंच्या हातात दिलं. "मासा व्हा, आन पळा."

"क्या जी, बीस साल से वही तो कर रहा हूँ," कासीमभाई म्हणाले आणि बोळात चालायला लागले. सोनेरी रीळ आधी हट्टानं धरून राहिलं, मग एकदम सुटलं. कासीमभाई धडपडून हातगाडीवर आदळता आदळता राहिले. काळ्या रिळानं पहिल्या पावलापासून सारखा ताण ठेवला.

"आता दोन्ही उघडा," भाभी म्हणाली.

"ओ अक्का! उघडून कोण दावतं? लगीन ठरवताना नवरीचं पोट फाडून बगता काय?"

"बगत न्हाईत म्हणून तर फसतात. उघडा."

बोळात दहा-बारा माणसं जमली होती. अण्णांचा नाइलाज झाला. सोनेरी रिळाच्या पोटात पांढरी भुकटी साचली होती. खाऱ्या पाण्यानं धातू खाल्ला की तशी साचते. अब्बांच्या रिळातही शेवटी तीच होती. काळ्या रिळात पितळेची दातेरी चक्रं होती आणि घट्ट वंगण.

"पर येका फेऱ्यात सोनेरी हातभर जास्त ओढतंय, ते बगा की," अण्णा म्हणाले. ते खरं होतं. लाकडी मासा पाण्यावर उडवायचा तर धागा भराभर आत यावा लागतो. भाभीनं दोन्ही मुठी पुन्हा एकदा फिरवून बघितल्या. एवढं एकच त्या सोनेरीत चांगलं होतं.

"हात माझाच हाय. जास्त फिरवीन," ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडली.

"भंगार घेतलं बाईनं," मागून कुणी तरी म्हणालं. भाभीनं वळून बघितलं नाही.

रविवारी सकाळी होम मैदानावर आम्ही गेलो. अब्बांची काठी माहेरी, म्हणून कासीमभाईंनी लांब बांबूला मागावरच्या चिनी मातीच्या कड्या ओळीनं बांधल्या होत्या. त्यांतून धागा ओवला. लाकडी मासा भाभीनं माहेराहून कधीच आणून ठेवला होता, त्याचे गळ काढून टाकले. कासीमभाई ऐंशी पावलं मोजत गेले आणि तिथं टोपी टाकून उभे राहिले. गुरुलिंगअण्णाही आले होते. काखेतल्या पिशवीत सोनेरी रीळ.

"आजून बदलून देतो, अक्का. माझा शब्द."

भाभीनं पदर खोचला. रिळाची तारेची कडी उघडली, धागा बोटावर धरला, बांबू मागं नेला आणि फेकला.

मासा वीस पावलांवर आपटला. रिळातून धाग्याचा एक मोठा गोळा बाहेर आला, सुगरणीच्या खोप्यासारखा, आणि बांबूच्या पहिल्या कडीत अडकला. मैदानावर चकाट्या पिटत बसलेली माणसं हसली. अण्णांनी पिशवीत हात घातला.

"थांबा," भाभी म्हणाली.

ती तिथंच मांडी घालून बसली. कुणी ब्लेड पुढं केलं, तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते परत खिशात ठेवलं. एकेक फास ढिला करत, एक पुढं सरकवत, दुसरा मागं नेत पाऊण तास तिची बोटं चालत होती. धागा कुठंही कापला नाही. गुंता सुटला, तेव्हा तिला कारणही सापडलं होतं.

"चूक रिळाची न्हाय, माझी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी रीळ कांडीसारखं भरलं. काठोकाठ. कांडीतनं सूत थोडं थोडं निघतं, म्हणून चालतं. ह्यातनं समदं येकदम उडतंय. काठाला जागा ठेवाय पायजे."

तिनं वरचा धागा उलगडून काढून टाकला. उरलेला परत भरला, पण ओल्या फडक्यातून, घट्ट ओढून, आणि काठाखाली दोन दोऱ्यांइतकी जागा सोडून.

दुसऱ्यांदा फेकलं तेव्हा रिळातून नुसती सळसळ आली. मासा वर गेला, उन्हात एकदा चमकला आणि कासीमभाईंच्या डोक्यावरून पलीकडं गेला. ते टोपी सोडून खाली बसले.

"मर गया मैं!" ते ओरडले, आणि उठून मोजायला धावले. "ब्याण्णव!"

कुणी हसलं नाही. अण्णा मात्र व्यापारी माणूस. "वारं मागनं हाय, अक्का. समुद्राचं वारं तोंडावर येतं म्हणतात."

ते बरोबर होतं. भाभी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. अडुसष्ट. मग एकाहत्तर. बोटाची कातडी सोलवटली, तिथं तिनं सुताची पट्टी गुंडाळली. पुन्हा एकाहत्तर. कासीमभाई म्हणाले, "बस कर, अनवरी. मी येतो संगं. हाशमला मी समजावतो."

"तुमी कशाला? काठी तुमाला पायजे का मला?"

तिनं पाय आणखी फाकवले. या वेळी मासा वर न जाऊ देता जमिनीला धरून, गोफणीसारखा सोडला. तो वाऱ्याखालून गेला. कासीमभाई मोजत गेले आणि लांबून दोन्ही हात वर केले. त्र्याऐंशी. तिनं आणखी चार वेळा फेकून बघितलं. त्यातले तीन ऐंशीच्या पुढं पडले. मग तिनं रीळ पुसून फडक्यात गुंडाळलं. अण्णा कधी निघून गेले ते कळलं नाही.

मंगळवारी ती एकटीच एस.टी.त बसली.

पंधरा दिवसांनी परतली तेव्हा काठी तिच्या खांद्यावर होती. सगळं तिनं कांड्या भरत भरत सांगितलं. अब्बांनी बाज वाळूवर आणायला लावली होती. हाशमनं आधी काठी द्यायलाच नकार दिला. मग अब्बांनी चांगल्या हातानं बाजेवर थाप मारली, तेव्हा दिली. पहिला मासा फेसात पडला. दुसरा पलीकडं. हाशम म्हणाला, एकदा कुणाचाही पडतो. मग तिनं तिसरा टाकला, चौथा टाकला, आणि त्याला विचारत राहिली, "आता?" सातव्याला तो उठून घरी गेला.

"मासा लागला का पण?" सोनाबाईनं दारातून विचारलं.

"न्हाय."

"मग एवढं करून काय मिळालं?"

भाभीचा चरखा फिरतच राहिला. तिची खोली दहा फुटांची आणि काठी त्याहून लांब. ती कोपऱ्यातून तिरपी जाऊन दारातून बाहेर व्हरांड्यात आली होती, छातीच्या उंचीवर. व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्याखालून वाकावं लागायचं. सोनाबाई हंडा घेऊन निघाली, काठीपाशी थांबली, भाभीकडं बघितलं. भाभी सूत बघत होती. सोनाबाईनं हंडा काखेत धरला आणि वाकली.